भाद्रपदातील डोंगरमाथा आणि पाखरांची खानेसुमारी

श्रावण सरत आला आणि गोव्यातील मये गावच्या डोंगरावर आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसलेले ढग सकाळच्या पहिल्या प्रहरी घटकाभर तरी वर उचलले जाऊ लागले, की या मुलखात एका आगमनाला प्रारंभ होतो. हिमालयातील ओढ्यांच्या काठी किंवा त्याही पलीकडे मध्य आशियाच्या पर्वतप्रदेशात उन्हाळा घालवून, तेथे पिल्ले वाढवून, अठरा-वीस ग्रॅम वजनाचा राखी धोबी दक्षिणेची वाट धरतो आणि ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या कुळागरांतील पाटाच्या कडेला शेपटी हलवीत उभा राहतो. त्याच्या मागोमाग हिरवट पर्णवटवट्या येतो, ज्याचे वजन अवघे सात-आठ ग्रॅम भरते. आकाशात माळभिंगऱ्या दिसू लागतात. मग ब्लिथचा वटवट्या, तपकिरी खाटीक, स्वर्गीय नर्तक आणि सर्वांच्या पाठीमागून, पाऊस पुरता ओसरल्यावर, नीलांग. पक्षिशास्त्रज्ञ या साऱ्यांना गायक पक्ष्यांच्या एकाच विस्तीर्ण गणात बसवतात. या आगमनाची मोजदाद डोंगरमाथ्यावरून, दरवर्षी, एकाच जागी उभे राहून, एकाच पद्धतीने व्हावी आणि ती गावाच्या दप्तरात कायमची दाखल व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. मागणी लहान दिसते. परंतु तिच्याशी जमिनीचे, जंगलाचे आणि कायद्याचे जे प्रश्न निगडित आहेत ते लहान नाहीत.

डोंगरावरून पाखरे मोजण्याची प्रथा अन्यत्र चांगली रुजलेली आहे. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर १९२३ मीटर उंचीवर कोल द ब्रेतोले नावाची एक खिंड आहे; आल्प्स ओलांडणारी लहान पाखरे उन्हाळ्याच्या अखेरीपासून तेथून जातात आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे त्यांच्या पायात कडी घालण्याचे काम सातत्याने चालू आहे. जर्मनीतील रांडेकर मार या कड्यावर १९७० पासून, ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे, दिवसा उडत जाणारी पाखरे मोजली जातात. या ठिकाणी भूगोलच मोजणाऱ्याला साहाय्य करतो, कारण पर्वतरांगेमुळे पाखरांचे प्रवाह एका अरुंद वाटेत कोंडले जातात आणि एका जागी बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून हजारोंनी जातात.

सह्याद्रीची रचना तशी नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. आमची पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरलेली असल्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्या पाखराला ती आडवी येत नाही. ती त्याला सोबत करते. शिवाय वटवट्यांसारखी बहुतेक लहान पाखरे रात्री प्रवास करतात आणि पहाटे खाली उतरून दिवसभर किडे टिपतात. म्हणून मयेच्या किंवा चोर्ला घाटाच्या माथ्यावर उभे राहणाऱ्याने आल्प्समधील थव्यांची अपेक्षा ठेवू नये. येथील मोजणी बव्हंशी कानाने होते. आणि ती उडत जाणाऱ्यांपेक्षा उतरणाऱ्यांची अधिक असते. तरीही माथ्याचे महत्त्व कमी होत नाही, कारण तेथे उभे राहिले असता दोन्ही उतारांवरील झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात, खालच्या तळ्यावरील भिंगऱ्या दिसतात आणि पहाटे ओढ्यावरून ओढ्याकडे जाणाऱ्या धोब्याचा तो बारीक, धातूवर टिचकी मारावी तसा दुहेरी आवाज डोक्यावरून गेलेला चुकत नाही.

ही मोजणी कशी करावी, याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण तिचे सारे मोल पद्धतीच्या काटेकोरपणात आहे. जागा एकदा ठरली की बदलायची नाही, मग शेजारच्या टेकाडावर अधिक पाखरे का असेनात. सूर्योदयापासून दोन तास बसावे, त्या काळाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागात कोणते पाखरू, किती, कोणत्या दिशेने, किती उंचीवरून गेले ते लिहावे. धुके किती, वारा कोठचा, पाऊस केव्हा लागला आणि केव्हा थांबला, हेही त्याच ओळीत यावे. जाणारे पाखरू आणि राहणारे पाखरू यांचे रकाने निराळे ठेवावेत. हिरवट पर्णवटवट्या एकदा आपली जागा निवडली की हिवाळाभर ती राखून असतो आणि दुसऱ्या वटवट्याला तेथे येऊ देत नाही. तेव्हा एकाच किंदळावरून महिनाभर रोज ऐकू येणारा आवाज हा तीस पाखरांचा नसून एकाच पाखराचा असतो, आणि हा विवेक ज्याच्यापाशी नाही त्याची वही आकड्यांनी फुगेल पण निरुपयोगी ठरेल. ज्या सकाळी काहीच दिसले नाही त्या सकाळचे शून्य तितक्याच निष्ठेने लिहिले पाहिजे. मोजणी करणाऱ्यांची सर्वांत मोठी परीक्षा या शून्यापाशी होते, कारण रिकाम्या हाताने डोंगर उतरणाऱ्या माणसाला वही उघडावीशी वाटत नाही. आणि वीस वर्षांनी जेव्हा कोणी विचारील की पाखरे उशिरा येऊ लागली काय, तेव्हा उत्तर त्या शून्यांतूनच निघणार असते. पहिला धोबी १० सप्टेंबरला दिसला, या वाक्याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा त्याच्या आधीच्या प्रत्येक सकाळी कोणीतरी तेथे होते आणि तो दिसला नव्हता.

ऋतूही येथे विचारात घेतला पाहिजे. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या सुधारित वेळापत्रकानुसार नैर्ऋत्य मोसमी वारे वायव्य राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास माघार घेऊ लागतात आणि गोव्यातून ते जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे आमची पहिली पाहुणी पाखरे पाऊस जाण्याची वाट पाहत नाहीत. ती भर पावसाळ्यातच येऊन दाखल होतात. चातकाच्या आगमनाकडे आमच्या कवींनी शतकानुशतके डोळे लावले, कारण तो पाऊस घेऊन येतो अशी श्रद्धा होती; धोबी आणि वटवट्या मात्र पाऊस असताना निमूटपणे येतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दुर्बिणी घेऊन येणारे हौशी लोक नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत गोव्यात गर्दी करतात. भाद्रपदातला निसरडा सडा, जळवा आणि काचेवर साचणारे दव त्यांना नकोसे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे.

गावच्या माणसाची गोष्ट वेगळी. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या आरासीचे, सामान आणायला आमच्या घराघरांतून माणसे डोंगर चढतात. कांगलां, कवंडळ, माटुळां, रानातल्या नाना वेली आणि फळे कोणत्या उतारावर, कोणत्या झाडाच्या आधाराने मिळतात याचे ज्ञान वडिलांकडून मुलाकडे आलेले असते. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा भरवते, तेव्हा एकेका घराच्या माटोळीत मांडलेल्या रानवस्तूंची विविधता पाहून वनस्पतिशास्त्राचे अभ्यासकही थक्क होतात. रानाची एवढी बारीक ओळख असलेला, नेमक्या याच दिवसांत डोंगरावर असलेला आणि चिखलाला न भिणारा मोजणीदार दुसऱ्या कोणत्या देशाला मिळाला असेल? धोबी आणि पर्णवटवट्या यांचे दोन आवाज ज्याने एकदा नीट ऐकले त्याला ते जन्मभर ओळखता येतात. कवंडळ ओळखण्यापेक्षा ते मुळीच कठीण नाही. प्रशिक्षण लागेल, परंतु ते एका पावसाळ्यात देण्याजोगे आहे.

अशा वह्यांनी काय साधते, असे विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक उदाहरण पुरेसे आहे. पेनसिल्व्हेनियातील किटाटिनी पर्वतरांगेवरून शरद ऋतूत जाणारे ससाणे आणि गरुड पूर्वी लोक मौजेखातर बंदुकीने पाडीत असत. रोझली एज या स्त्रीने १९३४ साली तो डोंगर ताब्यात घेऊन तेथे शिकारीला बंदी केली आणि मॉरिस ब्रून यांना राखणदार म्हणून बसवले. ब्रून यांनी राखण करता करता दर दिवशी जाणारे पक्षी मोजले, आणि प्रौढ गरुड किती व कोवळे किती हेही लिहून ठेवले. त्या काळी कोणत्याही सरकारला त्या आकड्यांची गरज नव्हती. पुढे १९६२ साली रॅचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा कीटकनाशकांविरुद्धच्या पुराव्यांत त्या डोंगरावरील नोंदी होत्या: १९३५ ते १९३९ या वर्षांत तेथून गेलेल्या गरुडांपैकी ४० टक्के कोवळे होते, १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसले. अंडी उबत नव्हती, हे त्या आकड्यांवरून कळले. ते पक्षी शिकारी होते आणि आपले गाणारे आहेत. परंतु नियम तोच आहे. पुरावा हवा होतो तेव्हा तो तयार करता येत नाही, तो आधीपासून असावा लागतो.

गोव्यात अशा नोंदींची परंपरा अगदीच नाही असे नाही. मुक्तीनंतर दीड दशकाने, १९७६ साली, रॉबर्ट ग्रब आणि सालिम अली यांनी गोव्यातील पक्ष्यांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हाइन्झ लाइनर या परदेशातून येऊन येथे राहिलेल्या अभ्यासकाने वर्षानुवर्षे टिपणे ठेवून २००४ साली गोव्याच्या पक्ष्यांवरील संदर्भग्रंथ सिद्ध केला. १९८७ पासून भारतीय उपखंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. मयेच्या तळ्यासारख्या जलाशयांवरील बदके, बगळे, पाणकावळे यांची नोंद होण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. वनखाते आणि गोवा बर्ड कन्झर्व्हेशन नेटवर्क यांनी पक्षिमहोत्सवाच्या रूपाने लोकांत गोडी निर्माण केली, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु तळ्याची गणना आणि डोंगराची गणना या दोन गोष्टी आहेत. तळ्यावरचे बदक उघड्यावर पोहते, मोठे असते, एका दृष्टिक्षेपात दिसते. उतारावरच्या पानांत वावरणारा सात ग्रॅमचा जीव ज्या पंधरवड्यात येतो त्या पंधरवड्यात तेथे कोणी नसेल तर तो आला होता हे सिद्ध करण्याचे साधन उरत नाही.

देशपातळीवरील चित्र चिंताजनक आहे. तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन कल ज्यांचा ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. आणि दूरवरून येणारे प्रवासी पक्षी स्थानिकांपेक्षा अधिक घटले आहेत, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. उत्तर अमेरिकेत १९७० नंतर जवळजवळ तीनशे कोटी पक्षी कमी झाले, हे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, तेही जुन्या मोजण्यांच्या बळावर. हे अहवाल देशाचे आणि खंडाचे आहेत. मयेच्या उतारावर काय घडते आहे हे ते सांगू शकत नाहीत, आणि तक्रार घेऊन मामलेदाराच्या कचेरीत जाणाऱ्या गावकऱ्याला त्याच्याच उताराचा दाखला लागतो.

दाखल्याची किंमत मयेकराला दुसऱ्या कोणी समजावून देण्याची आवश्यकता नाही. पोर्तुगीज अंमलात एका सरंजामी घराण्याच्या मालकीची असलेली येथील जमीन मुक्तीनंतर १९६४ च्या कायद्याने कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणाऱ्या, तीत घर बांधून राहणाऱ्या कुटुंबांची नावे तिच्या मालकीच्या कागदांवर नव्हती. ती अवस्था संपविणारा कायदा २०१४ साली झाला आणि त्यानंतर सनदांचे वाटप सुरू झाले. तोपर्यंत पन्नास वर्षे उलटून गेली होती. ज्या गावाने हा अनुभव घेतला त्याला, जे दप्तरात नाही ते कारभाराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, हे पुरते ठाऊक आहे. पाखरांची गत आज तीच आहे.

ही केवळ भावनेची बाब नाही. तिच्यामागे कायद्यातील एक नेमकी उणीव आहे. कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी त्याचा पर्यावरणावरील परिणाम तपासावा लागतो. त्यासंबंधीची सध्याची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. खाणींच्या बाबतीत अभ्यासाची जी प्रमाण कार्यकक्षा ठरवून दिली जाते, तीत हवा, पाणी, माती यांच्याबरोबर वनस्पती आणि प्राणी यांचीही मूळ माहिती एका ऋतूपुरती गोळा करण्याचा शिरस्ता आहे, आणि तो ऋतू पावसाळा सोडून निवडायचा असतो: मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर, किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवेतील धूळ मोजण्यासाठी पावसाळा वगळणे समजण्यासारखे आहे, कारण पावसात धूळ बसते. परंतु धुळीसाठी योग्य असलेली ही तजवीज सजीवांनाही सरसकट लागू झाल्यामुळे जून ते सप्टेंबर हा काळ तपासणीतून गळतो, आणि त्याबरोबर पाखरांच्या आगमनाचा पहिला हंगाम, सड्यावरील तेरडा आणि सीतेची आसवे, बेडकांचे बहुतेक प्रजनन हे सारेच गळते. अभ्यासासाठी मार्च ते मे हा काळ निवडला, तर एप्रिलपर्यंत बहुतेक प्रवासी पाखरे परतीच्या वाटेला लागलेली असतात; मे महिन्यात उतार पाहणाऱ्या तज्ज्ञाने प्रामाणिकपणे लिहिलेला अहवालसुद्धा अपुराच असणार.

हा प्रश्न आमच्यासाठी दूरचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, त्यानंतर काही वर्षे डिचोलीचे डोंगर शांत होते. मग लिलाव झाले. २०२२ साली लिलावात निघालेल्या डिचोलीच्या खाणगटात मये, मुळगाव, शिरगाव या गावांची भूमी येते, आणि तेथे २०२४ साली उत्खनन पुन्हा सुरू झाले. खाण असावी की नसावी, हा वाद या लेखाचा विषय नाही. तिच्यावर पोट असलेली माणसे माझ्याच गावात आहेत आणि त्यांची चिंता मलाही आहे. परंतु ज्या डोंगराविषयी निर्णय घ्यायचा त्याची पूर्ण हकीकत निर्णय घेणाऱ्यासमोर असली पाहिजे, याविषयी खाणीच्या बाजूच्या आणि विरोधी माणसात मतभेद असण्याचे कारण मला दिसत नाही.

काहींचा आक्षेप असा असेल की प्रवासी पाखरांची संख्या वर्षागणिक बदलते. वादळ, वारा, उत्तरेकडील उन्हाळ्याची बरी-वाईट स्थिती यांवर ती अवलंबून असते, तेव्हा एका डोंगरावरच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर दीर्घकाळ मोजणे हेच आहे. एका वर्षाचा आकडा काहीच सांगत नाही. पाच वर्षांचे आकडे संशय निर्माण करतात. वीस वर्षांच्या आकड्यांपुढे खात्याच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. दुसरा आक्षेप, सामान्य माणसे चुका करतील, हा. चुका होतील. म्हणूनच प्रथम सर्व जाती मोजण्याचा हव्यास न धरता राखी धोबी, हिरवट पर्णवटवट्या, माळभिंगरी आणि तपकिरी खाटीक अशा चार-पाच जातींपुरतीच वही मर्यादित ठेवावी आणि ज्याची खात्री नाही ते संशयित म्हणून वेगळे लिहावे.

यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्याखालील नियम यांनी प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असण्याची आणि तिने लोक-जैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद केली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर या नोंदवह्या भराभर तयार झाल्या, आणि भराभर झालेल्या कामात जे दोष येतात ते त्यांत आले: जातीचे नाव आहे पण तारीख नाही, यादी आहे पण संख्या नाही. ती वही एकदा बांधून कपाटात ठेवण्याचा ग्रंथ समजली गेली, ही मूळ चूक. तीत दरवर्षी नवी पाने जोडण्याचा अधिकार समितीला आहे, आणि त्या पानांना जो सार्वजनिक दर्जा मिळतो तो कोणा हौशी माणसाच्या खासगी टिपणाला मिळत नाही.

तेव्हा मये-वायंगिणी पंचायतीने ग्रामसभेत ठराव करून डोंगरमाथ्यावरील एक जागा निश्चित करावी, तिच्या सर्व्हे क्रमांकासह ती नोंदवहीत लिहावी, आणि १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या दोन महिन्यांत आठवड्यातून किमान तीन सकाळी तेथे दोन माणसे बसतील अशी पाळी लावावी. माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षकांकडे वह्यांची तपासणी सोपवावी आणि माटोळीसाठी रान तुडविणाऱ्या जाणत्यांना मानधन देऊन या कामावर बोलवावे. वर्षाच्या शेवटी त्या पानांची एक प्रत गोवा राज्य जैवविविधता मंडळाकडे आणि एक वनखात्याकडे, पोच घेऊन, दाखल व्हावी. पेडणे, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतील पंचायतींनी हेच केले तर उत्तरेकडून आलेले पाखरू गोव्याच्या कोणत्या डोंगरावर प्रथम पोहोचते आणि कोठे थांबेनासे झाले आहे, हे दहा वर्षांत कळू लागेल. आणि राज्याच्या परिणाम-मूल्यांकन प्राधिकरणाने स्वतःच्या अधिकारात येणाऱ्या प्रकल्पांसाठी कार्यकक्षा ठरवताना एवढी एक ओळ घालावी की धूळ आणि आवाज यांसाठी कोणताही ऋतू निवडला तरी, पश्चिम घाटाच्या उतारावरील प्रकल्पात पक्ष्यांची पाहणी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत स्वतंत्रपणे झालीच पाहिजे, आणि तीत स्थानिक पंचायतीची नोंदवही विचारात घेतली नसेल तर अहवाल अपूर्ण मानला जाईल.